वाळलं का?

१

गाडी पुसणाऱ्या माणसांत कानिफनाथाच्या मते दोनच प्रकार होते. गोल हात फिरवणारे, म्हणजे सगळं जग, आणि सरळ हात मारणारा, म्हणजे तो स्वतः. नगरला झेंडीगेटच्या ज्या उस्तादाकडे तो रंगकाम शिकला, त्यानं मनगटावर लाकडी पट्टी हाणून हाणून हे त्याच्या अंगात भिनवलं होतं. फडकं गोल फिरलं की त्यात अडकलेली धूळ रंगावर गोल चरे काढते. सावलीत काही कळत नाही. गाडी तिरप्या उन्हात आणा आणि वाकून बघा, सगळ्या रंगावर कोळ्यानं जाळं विणल्यागत दिसतं. मालक म्हणतो गाडी जुनी झाली. गाडी कसली जुनी होतेय, माणसं तिला पुसून पुसून म्हातारी करतात.

त्या सालचा दुष्काळ सगळ्या मुलखाच्या मुळावर आला, पण कानिफनाथाला त्यानं कामं आणून दिली. म्हणायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. पाटाला पाण्याचं आवर्तन नाही, ऊस उभ्या जागी वाळलेला, प्यायचं पाणी टँकरनं येणार. तिथं गाडी कोण धुतो? ज्यांच्याकडं गाड्या होत्या ते कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचे, तीही गोल गोल. मग देवळाली प्रवरेच्या बाहेर, कारखान्याच्या रस्त्याला, कानिफनाथाच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणाची ना कुणाची गाडी उभी असायचीच. कापडाच्या बोंड्याला रबिंगचा मलम लावायचा, पाण्याचे चार थेंब टाकायचे, आणि सरळ रेघेत घासत राहायचं. चऱ्याच्या कडा झिजून रंग एकसारखा झाला की वरून मेण, आणि मेणावर मलमल.

काम होतं, हात होता, फक्त बोलायला कोणी नव्हतं. मनकर्णा, त्याची बायको, गेल्या वैशाखात वारली. लेकरू नाही. शेड आणि घर एकाच अंगणात, समोरासमोर. ती होती तेव्हा घासण्याच्या आवाजावरून तिला आतून कळायचं की आता मेण लावायला घेतलं, आता चहा ठेवावा. आता तो आवाज नुसताच घरापर्यंत जायचा आणि परत यायचा. घर खायला उठायचं. म्हणून कानिफनाथ भाकरी उंबऱ्यावर बसून, घराकडं पाठ करून खायचा.

चैत्र सरत आला तेव्हा काकासाहेबांची काळी अँबॅसिडर त्याच्याकडं आली. काकासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पोरगी ह्याच गाडीतून सासरी जाणार होती. बन्सी, त्यांचा ड्रायव्हर, किल्ली देताना म्हणाला की पोरीचं तोंड दिसलं पाहिजे असा रंग काढायला सांगितलाय. कानिफनाथानं मान हलवली. गाडी शेडमध्ये घेताना मात्र त्याचा हात अडखळला, आणि बन्सीनं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

२

ह्याच गाडीतून मनकर्णाला नगरला नेलं होतं. ताप डोक्यात गेलेला. काकासाहेबांनी कुणी मागायच्या आत गाडी दारात पाठवली होती. पुढं बन्सी, मागं कानिफनाथाच्या मांडीवर तिचं डोकं. ती बोलत नव्हती, पण तिचा उजवा हात सीटवर फिरत होता, सारखा, एकाच चालीनं. कानिफनाथाला वाटलं, तापात माणूस असं करतं. विळदचा घाट लागला आणि हात थांबला. बन्सीनं आरशातून बघितलं आणि गाडी वळवली. मागच्या डाव्या दारानं तिला उतरवून घरात निजवली, आणि सांजच्याला उचलली.

तेच दार कानिफनाथानं आधी घासायला घेतलं. दुखरी जागा पहिली उरकावी असा त्याचा हिशेब. दार शेडच्या पलीकडच्या अंगाला, घरापासून लांब होतं. दिवसभर घासलं. मावळतीचं ऊन शेडमध्ये शिरलं तेव्हा वाकून बघितलं, तर एक चरा नाही. स्वतःचं तोंड दिसलं, दाढी वाढलेली दिसली. बरं वाटलं त्याला, लई दिवसांनी.

सकाळी बघतो तर दारावर चरे.

आधी त्याला स्वतःचाच राग आला. म्हटलं, मलमलीत खडा राहिला असेल. पण मलमल त्यानं सरळ मारली होती आणि हे चरे वळणाचे होते. मग वाटलं रात्रीची धूळ पडली आणि कुणीतरी येऊन पुसली. बन्सी चक्कर टाकायला आला तेव्हा त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी कशाला हात लावतोय, तू मारशील मला. ते खरंच होतं. कुत्र्याच्या शेपटीपासून वाऱ्यानं उडालेल्या पाचटापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी त्यानं ते दार परत घासलं आणि रात्री गाडीवर गोणपाट टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले.

दुसऱ्या सकाळी दगड जागच्या जागी होते. गोणपाट काढलं, तर दारावर चरे होतेच, आणि आता ते मागच्या मडगार्डवरून डिकीपर्यंत आले होते. तिथं त्यानं अजून बोंडाही लावला नव्हता. तिथले जुने, लोकांनी पुसून काढलेले गोल चरे तसेच होते, आणि त्यांच्यावरून हे नवे गेले होते.

कानिफनाथ बराच वेळ उकिडवा बसून राहिला. शेडचा पत्रा उन्हानं तापून तडतडायला लागला होता. कुणीतरी हे मुद्दाम करतंय, हे त्याला कळलं. पण हात फिरवणाऱ्यानं इतकी माया लावून फिरवावा कशाला, हे कळेना. चऱ्यांत कुठंही घाई नव्हती.

३

शेजारच्या दगडाबाईकडं तो काडेपेटी मागायला गेला तेव्हा त्याला उमगलं. म्हातारी अंगण सारवत होती. पाणी नाही म्हणून निम्मंच अंगण, उंबऱ्यापुढचं तेवढं. तिचा हात शेणकाल्यातून फिरत होता आणि मागं चंद्रकोरीसारखे फराटे उठत होते, एकावर एक चढलेले, ओळीनं. कानिफनाथ काडेपेटी न घेताच माघारी फिरला.

गाडीवरचे चरे गोल नव्हतेच. ते सारवणाचे फराटे होते.

आता बघा, ज्याच्या घरात सारवलेली जमीन असते त्याला सांगायला नको, पण बाईबाईचा हात वेगळा. कुणाचा फराटा लांब, कुणाचा आखूड, कुणी हात दाबून फिरवते तर कुणी वरच्यावर. पण कुणाच्याही फराट्यात बोटांच्या चार रेघा असतातच. मनकर्णाच्या तीन असायच्या. लहानपणी माहेरच्या गुऱ्हाळात तिची करंगळी चरकात गेली होती. कानिफनाथ दारापुढं गुडघे टेकून बसला आणि उन्हाच्या बाजूनं बघू लागला. एका फराट्यात तीन रेघा. दुसऱ्यात तीन. सगळ्या दारावर तीन-तीन.

त्यानं त्यांवर आपली बोटं ठेवली, अगदी हळू. मग त्याला रडू आलं, आणि शेडमध्ये कोणी नसल्यामुळं त्यानं ते येऊ दिलं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मनकर्णानं घर सारवायला घेतलं आणि सुरुवात केली दाराकडून. सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सारवत, मागं मागं सरकत उंबऱ्याबाहेर निघते. ओल्यावर पाय द्यायचा नाही, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. पण ही आपल्या घराच्या आनंदात उलटी लागली, आणि भानावर आली तेव्हा आतल्या कोपऱ्यात पाठ भिंतीला टेकलेली आणि पुढं सगळं ओलं. कानिफनाथ उंबऱ्यावर बसून पोट धरून हसला. ती अंधाऱ्या कोपऱ्यातून विचारायची, "अवो, वाळलं का?" तो जमिनीला हात लावल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "न्हाई अजून."

वाळून कधीच झालं होतं. पण ती आत अडकलेली, तो दारात बसलेला, आणि दोघांना एकमेकांशी बोलण्यावाचून दुसरं काम नाही, हे त्याला इतकं गोड लागत होतं की त्यानं दुपार टळेपर्यंत तिला तशीच ठेवली. शेवटी तिनं अंधारातून एक पाय पुढं केला, अंगठ्यानं जमीन चाचपली, त्याची लबाडी ओळखली आणि येऊन त्याचा कान पिरगाळला. तेव्हापासून ती दोघांची खूणच झाली. रुसवेफुगवे झाले की दिवसभरानं ती विचारायची, वाळलं का, म्हणजे राग गेला का.

पुढं चार पैसे आल्यावर कानिफनाथानं घरात सिमेंटचा कोबा करून घेतला. तिचे कष्ट वाचावेत म्हणून. मनकर्णा मात्र हिरमुसली. म्हणाली, आता ह्या हातांनी करू काय? चालताना तिचं जोडवं कोब्यावर टक् टक् वाजायचं, तेही तिला आवडायचं नाही.

आणि ती गेली त्या सांजेला दगडाबाई शेणाची पाटी घेऊन आली होती. माणूस उचललं की त्याची जागा सारवायची असती, म्हणाली. कानिफनाथाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोब्यावर शेण कशाला, फडक्यानं पुसून घ्या, म्हणाला. दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं, पण त्या दिवशी त्याच्याशी वाद कोण घालणार? जागा पुसून घेतली.

४

त्या दिवसापासून कानिफनाथानं गाडीला बोंडा लावला नाही.

आता सकाळ कधी होते असं त्याला व्हायला लागलं. उजाडलं की तो आधी गाडीकडं जायचा, काल कुठपर्यंत आली होती आणि आज कुठपर्यंत आली ते बघायचा. डिकी झाली. मग अलीकडच्या अंगाचं मडगार्ड झालं. तो दोन कप चहा करायचा आणि दोन्ही पिऊन टाकायचा. शेडमध्ये बसून तिला गावातलं सांगायचा. कुणाची गुरं छावणीला गेली, खडी फोडायच्या कामावर कोण कोण लागलंय, टँकरवर कुणाची भांडणं झाली. बन्सी येऊन बघून जायचा आणि म्हणायचा, अरे, काम पुढं सरकायचं सोडून मागं चाललंय का? कानिफनाथ म्हणायचा, होईल, होईल.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, पण तो तिच्याकडं कानाडोळा करत होता. चरे ज्या बाजूनं पुढं येत होते ती बाजू घराची होती. गाडी घराला आडवी उभी होती. पलीकडच्या दारापासून निघालेले फराटे आता अलीकडच्या मागच्या दारावर आले होते. पुढं ड्रायव्हरचं दार, आणि त्याच्यापुढं नुसतं अंगण आणि घराचा उंबरा.

दगडाबाई आपणहून आली. बाबा, तू काडेपेटी मागायला आलास आणि तसाच पळालास, जेवतोस का न्हाई म्हणून बघायला आले, म्हणाली. कानिफनाथानं तिला गाडी दाखवली. दाखवायची नव्हती खरं, पण आनंद एकट्याला झेपत नव्हता. म्हातारीनं डोळ्यांवर आडवा हात धरला, वाकून बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

"मनाचाच हात हाय, तुज्या मनकर्णाचा," ती म्हणाली.

"व्हय ना, मावशी? मला येड तर लागलं न्हाई ना?"

म्हातारी आणखी खाली वाकली. ती एका फराट्यावरून दुसऱ्याकडं बोट फिरवत होती, कुठला आधीचा आणि कुठला त्याच्यावर चढलेला ते बघत. बघता बघता तिचं तोंड उतरलं.

"कानिफा, ही घराकडं पाठ करून सरकतीय. बाई आतून सारवत भाईर निघती. ही भाईरून आत चाललीय. आत गेल्यावर निघंल कुठून?"

"कशाला निघायचं?" कानिफनाथ म्हणाला.

दगडाबाईनं त्याला खाली बसवलं. मग तिनं त्याला समजावलं. कुठूनतरी शेण आणते, म्हणाली, आजच्या आज मना निजली होती त्या जागेवर हात फिरवू, तिचं राहिलेलं काम होऊन जाईल. कानिफनाथानं ऐकून घेतलं. त्याला सगळं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच नको होतं. त्या जागेवर हात फिरला की सकाळी गाडीवर काही दिसणार नाही. परत तो, पत्रा आणि घासण्याचा आवाज.

"नको मावशी," तो म्हणाला. "ते झालं की ती यायची न्हाई."

५

ड्रायव्हरच्या दारावर फराटे उठले त्या सकाळी काकासाहेब स्वतः आले. रागावले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर तळवा फिरवला आणि कानिफनाथाच्या शेजारी स्टुलावर बसले. पोरीची पाठवणी तीन दिवसांवर आलीय, म्हणाले. मग म्हणाले, "तुझं दुःख मला ठावं हाय, गाडी माझीच हुती. पण लग्नातल्या गाडीवर असले फराटे नकोत, बाबा."

ज्या माणसानं न मागता गाडी दारात पाठवली त्याला नाही कसं म्हणणार? कानिफनाथानं बोंडा उचलला.

पलीकडच्या दारापासून सुरुवात केली. प्रत्येक फराट्यापाशी त्याचा हात थबकायचा. तो तिला सांगत होता की मना, माझा इलाज नाही, पोरीचं लग्न आहे. तीन रेघांच्या दोन व्हायच्या, दोनाची एक, मग काळा रंग. एवढं घासून झालं तरी हात दुखत नव्हता, आणि दुखावा असं त्याला फार वाटत होतं. त्या दिवशी डिकी आणि अलीकडचं मडगार्ड उरकलं. सकाळी गोणपाट काढलं, तर घासलेल्या जागेवर एकही चरा नव्हता. ती मागं वळून आलीच नव्हती. तिचं तिथलं काम झालं होतं.

मग राहिलेली गाडी केली आणि दुपारी ड्रायव्हरचं दार तेवढं राहिलं. त्याच्यापुढं तो घराकडं पाठ करून उकिडवा बसला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. घासताना त्याला वाटलं, दुसराही एक आवाज येतोय. थांबलं की थांबायचा. पाचट असेल, वारा असेल. वारा नव्हता, हेही त्याला माहीत होतं. त्यानं घासणं चालू ठेवलं. रबिंग झालं. मेण लावलं. मेण सुकलं तशी मलमल घेतली, आणि सरळ, वरून खाली, मारायला लागला.

चरे असतात तोवर रंगात नीट काही दिसत नाही. उजेड त्यांच्यात अडकून सगळं धुरकट होतं. ते गेले की काळं दार म्हणजे आरसाच. पहिल्यांदा त्याला स्वतःचं तोंड दिसलं. मग खांद्यामागं अंगण, अंगणामागं घराची भिंत, भिंतीत उघडं दार. मलमल आणखी एकदा फिरली आणि दारातला उंबराही दिसायला लागला.

उंबऱ्याच्या आत कोब्यावर एक हात फिरत होता.

हिरव्या बांगड्यांनी भरलेला होता तो, सवाष्णीला शेवटच्या खेपेला भरतात तसा. मनगटाच्या पुढं त्याचा रंग राखेचा होता. हात चंद्रकोरीत फिरायचा, थांबायचा, आणि जरा मागं सरकून पुन्हा फिरायचा. हातामागचं माणूस आत अंधारात होतं. बांगड्यांचा किणकिणाट मात्र गाडीच्या दारातून येत नव्हता, तो कानिफनाथाच्या पाठीमागून येत होता.

तो वळला नाही. खरं सांगायचं तर वर्षभर ज्याची वाट बघितली ते पाठीशी होतं आणि त्याची मान वळेना. मलमल सरळ मारत राहिला, वरून खाली, वरून खाली. हात उंबऱ्यापासून आत आत जात अंधारात दिसेनासा झाला. बांगड्या वाजत होत्या, मग त्याही वाजायच्या थांबल्या.

तेव्हा तो उठला आणि उंबऱ्याशी गेला. कोबा ओला होता. उंबऱ्यापासून आतपर्यंत ओळीनं फराटे, तीन-तीन रेघांचे, आणि शेणाचा वास. गावातली जवळजवळ सगळी गुरं छावणीत होती. ओल्यावर कुठं पाऊल उमटलेलं नव्हतं. फराटे शेवटी आतल्या कोपऱ्यात शिरत होते, जिथं उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं. घराला दुसरं दार नव्हतं. सारवणारी गेली कुठं, हा प्रश्न त्याला पडला आणि लगेच सुटला. ती कुठं गेलीच नव्हती.

६

बन्सी गाडी न्यायला आला आणि रंग बघून खूश झाला. आरसा झालाय रे, म्हणाला. मग उंबऱ्याकडं नजर गेली तसं त्यानं विचारलं, ह्या दिवसांत घरात एवढं पाणी सांडलंस का? कानिफनाथ म्हणाला, सारवलंय. बन्सी गाडीत बसला. जाताना त्यानं गाडी नेहमीपेक्षा जोरात काढली.

धूळ खाली बसली. कानिफनाथ उंबऱ्यावर बसला, ती गेल्यापासून पहिल्यांदाच घराकडं तोंड करून. भीती वाटत होती, आणि तिच्याखाली कुठंतरी आनंदही होता. तो वाट बघत राहिला.

"अवो, वाळलं का?"

आवाज तिचाच. कानिफनाथाच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरले. तळवा कोब्यावर टेकवल्यासारखं करून तो म्हणाला, "न्हाई अजून."

ती हसली नाही. जरा वेळ गेला. पुन्हा आलं, "अवो, वाळलं का?" तस्संच, त्याच सुरात. त्यानं गावातलं काही सांगून बघितलं, काकासाहेबांच्या पोरीच्या लग्नाचं सांगितलं, कोबा केला ती माझी चूक झाली असंही म्हणाला. आतून काही नाही. मग पुन्हा तेच. सांजेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की त्या आवाजाकडं एवढंच एक वाक्य आहे. बाकीची मनकर्णा त्याच्यात होती की नाही, हे त्याला सांगता येईना.

आणि कोबा वाळायला लागला होता. उंबऱ्याकडून पांढरी कड आत सरकत होती. वाळलं म्हटलं की ती बाहेर येणार. येऊन कुठं जाणार? निघून गेली तर तो परत एकटा. आणि निघून न जाता त्याच्यापाशी आली तर? तो राखेचा हात त्याच्या कानापाशी आला तर? ह्यातलं कुठलंही त्याला सोसणार नव्हतं. तो उठला, घागर आणली आणि प्यायचं पाणी ओंजळीनं कोब्यावर शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. त्याच्या वाट्याची घागर त्यानं कोब्यावर ओतली. दगडाबाईनं कुंपणापलीकडून बघितलं आणि आपली निम्मी घागर आणून त्याच्यापाशी ठेवली. बाईमाणूस, पाण्याचं मोल जाणणारी, तिनं ती कशी दिली असेल. जाताना एवढंच म्हणाली, "एकदा व्हय म्हन तिला, कानिफा. ताटकळत नको ठिऊ." ते पाणी प्यायला दिलं होतं, तेही त्यानं शिंपडलं. त्याचे ओठ फुटले होते.

लग्नाच्या दिवशी टँकर आला नाही. गाव सगळं मांडवात. दगडाबाईही गेलेली. लांबून बँडचा आवाज येत होता, मग तो थांबला, आणि थोड्या वेळानं काळी अँबॅसिडर कारखान्याच्या रस्त्यानं गेली. बन्सीनं हॉर्न दिला. तिरप्या उन्हात गाडीवर एक चरा नव्हता. मागच्या काचेत पोरीची हिरव्या बांगड्यांची मूठ डोळ्यांशी गेलेली दिसली. गाडी वळणाआड गेली आणि रस्ता रिकामा झाला.

ऊन उंबऱ्यावरून आत उतरलं होतं. पांढरी कड कोपऱ्यापर्यंत गेली होती. कानिफनाथानं घागर उपडी करून हलवली. दोन थेंब पडले आणि पडल्या जागी सुकले.

"अवो, वाळलं का?"

त्यानं तळवा कोब्यावर टेकवला. आता तो खोटा टेकवत नव्हता, त्याला आधार हवा होता. तळव्याला चटका बसला.

"न्हाई अजून," तो म्हणाला. आवाज त्याचा त्याला ऐकू आला नाही.

कोपऱ्यात बांगड्या वाजल्या, बसलेलं माणूस भिंतीला धरून उठतं तशा. मग अंधारातून एक पाय पुढं आला, आणि अंगठ्यानं कोबा चाचपला. जोडवं टक्कन वाजलं.